जिभेवरचा भंडारा

'तोंड आलंय' असं म्हणायची आपल्याकडे मोठी सोय आहे. फोड उठले, जीभ सोलवटली की बाई एवढंच सांगते, आणि शेजारच्या चौघी तिला चार औषधं सांगतात. माझं तसं नव्हतं. आरशात बघावं तर जीभ ओली, लालसर, चारचौघींच्या जिभेसारखी. आतून मात्र अशी आग, जणू उकळता चहा नुकताच घटाघटा प्यायलेय. सकाळी उठल्यावर जरा बरं असायचं. भाकरी थापून होईस्तोवर शेंड्याला चुरचुर सुरू व्हायची, दुपारी ती टाळूला चढायची आणि दिवेलागणीला ओठांच्या आतपर्यंत सगळं पेटलेलं असायचं. शिवाय तोंडात दिवसभर कळकलेल्या ताकाची चव. काही दिसत नाही आणि काही बरं वाटत नाही, अशा दुखण्याला आपल्याकडे एकच नाव आहे, नखरे.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. माहेर रहिमतपूरचं, सासर पलूसजवळच्या एका गावात. मॅट्रिक झालेली होते, त्यामुळे सासूच्या मते लग्नाआधीच थोडी बिघडलेली होते. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. घरात आत्याबाई, लग्नाची एक नणंद, मी आणि वर्षातून महिनाभर मालक. नवऱ्याला मालक म्हणायची आमच्याकडे रीत आहे. कशाचे मालक ते विचारू नये. ते मिलिटरीत होते. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. उसाचं रान वाट्यानं दिलेलं होतं, त्यामुळे पोटाची चिंता नव्हती. चिंता यायची ती दुसऱ्याच दारानं आली.

बांगलादेशची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. लढाईतून मालक धडधाकट आले होते, अंगावर ओरखडा नाही. पुढं एका उन्हाळ्यात ते ट्रंक आणि बिस्तरा घेऊन आले ते परत गेलेच नाहीत. पोचवायला एक जवान आला होता. तो ओसरीवर आत्याबाईंशी हळू आवाजात बोलला, पाणी प्यायला आणि निघून गेला. मी दाराआडून ऐकलं. डोक्यावर परिणाम झालाय, डॉक्टरांच्या बोर्डानं घरी पाठवलंय, आता बोलावणं येणार नाही.

मालक मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. कुणी हाक मारली म्हणून मधेच उठून दार उघडायचे. बाहेर कुणी नसायचं. जेवणात कुणीतरी काहीतरी कालवतंय असा त्यांना संशय होता, म्हणून त्यांच्या ताटातला पहिला घास मी खायचा, गिळायचा, तोंड उघडून दाखवायचं, मग ते जेवायचे. मारलं मात्र कधी नाही, शिवीही दिली नाही. हा माणूस पूर्वी मला हसवून हसवून बेजार करायचा, आणि आता माझ्याकडे बघताना डोळ्यांत भीती. मला त्याचं फार वाईट वाटायचं, आणि ते कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

सोय नव्हती, कारण जवान गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला न्हायला लावून देव्हाऱ्यापुढं बसवलं. आमचं कुलदैवत खंडोबा. त्याचा भंडारा, म्हणजे देवावर वाहिलेली हळद, हातात घेऊन जे बोलाल ते खरं करावं लागतं. भावकीतले तंटेसुद्धा भंडारा उचलून मिटतात. आत्याबाई म्हणाल्या, "उचल. म्हण, हे माज्या तोंडातनं भाईर गेलं तर माजी जीभ झडंल आन् माज्या कुंकवाला धक्का लागंल."

"आत्याबाई, एवढं कशाला? मी काय गावभर सांगत सुटणार हाय का?"

"ती बघ." त्यांनी मागच्या परड्यात भांडी घासणाऱ्या नणंदेकडे बोट केलं. "येड्याची भन म्हटल्यावर कोण करून न्हेणार हाय तिला? उचल."

त्यांचंही खोटं नव्हतं. मी भंडारा उचलला आणि बोलले. एवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी चिमूटभर भंडारा माझ्या जिभेवर ठेवला. हे कुठल्या रीतीत बसतं ते मला माहीत नाही, ते त्यांचं स्वतःचं असावं.

गावाला सांगितलं, कावीळ झालीय. कावीळ म्हटल्यावर माणसं लांब राहतात आणि माणूस घराबाहेर का पडत नाही असंही कुणी विचारत नाही. पण कावीळ किती दिवस पुरणार? महिन्याभरानं ती उलटली, आणखी दोन महिन्यांनी परत उलटली. इतकी उलटी-सुलटी कावीळ त्या पंचक्रोशीत कुणी पाहिली नव्हती. आडावर बायका विचारायच्या, "आता कसं हाय गं मालकाचं?" मी म्हणायची, "उतार हाय." एवढं बोलून घागर उचलायची. आडावर थांबले तर तोंडातून काही निसटेल अशी धास्ती. मग मी आडावर जायचंच टाळलं. मग हळदीकुंकवाला. मग सगळीकडंच.

पाचव्या-सहाव्या महिन्यात तोंड पोळायला लागलं.

आधी वाटलं, उष्णता झाली. जाईचा पाला चघळून झाला, कात लावून झाला, सब्जा, गुलकंद, गाईचं तूप, तुरटीच्या चुळा. शेजारच्या काकूंनी मिठाच्या पाण्याची गुळणी सांगितली. न बोलणाऱ्याला आपण म्हणतो ना, मिठाची गुळणी धरून बसलाय, तशी मी खरोखरच बसायची. मिठानं आग जास्तच व्हायची, म्हणून साधं पाणी धरायला लागले. तोंडात पाणी असेपर्यंत जरा निभायचं, गिळलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आमच्या भागात चटणीशिवाय घास उतरत नाही, आणि मी दूधभाकरीवर आले. मालकांच्या ताटातला पहिला घास तेवढा चुकत नव्हता. तो खाऊन तोंड उघडून दाखवताना डोळ्यांत पाणी यायचं, ते पाणी बघून त्यांना वाटायचं, आज नक्की काहीतरी कालवलंय. ताट सरकवून द्यायचे.

त्याच सुमाराला मलकापूरहून नणंदेला बघून गेलेल्या मंडळींचा नकार आला. कारण सांगितलं नाही. बायकांना कारण सांगितलं नाही की त्या आपलं आपण शोधतात. आत्याबाईंनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी चुलीपुढं माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कुणापाशी बोललीस?"

"कुणापाशीच न्हाई."

"मग जीभ का जळतीया तुजी? तोंडात फोड न्हाई, चट्टा न्हाई, आन् आग तेवढी हाय. भंडारा खोटा हुईल व्हय? तूच फोडलंस. द्येव दावतोय."

ज्या गोष्टीविषयी मी जीव गेला तरी तोंड उघडलं नव्हतं, तीच बोलल्याचा आळ, आणि साक्षीदार माझीच जीभ! मला इतका संताप आला की तव्यावरची भाकरी करपली तरी मी हलले नाही. मी म्हणाले, "आत्याबाई, मी बोलली न्हाई. तुमाला खोटं वाटतंय तर ही शपथच काढून घ्या. सुटली म्हणा." लहानपणी कुणी गळ्याची शपथ घातली तर ज्यानं घातली त्यानं 'सुटली' म्हणायचं, की माणूस मोकळं. मला तेवढंच हवं होतं. कुणाला सांगायला जायचं नव्हतं मला, नुसतं सांगता येईल एवढं हवं होतं.

"भंडाऱ्याची शपत काय पोराटोरांची हाय?" त्या म्हणाल्या. "ती सुटत नसती. आन् आता तर मुळीच न्हाई."

तेव्हापासून मी गावात कुठं निघाले तर नणंद बरोबर. शेतात गेले तर आत्याबाई बरोबर. थोरला भाऊ संक्रांतीला न्यायला आला, तर आत्याबाईंनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "तिचं तोंड आलंय, एश्टीचा परवास नगं." मी उंबऱ्याच्या आत उभी होते, तोंडात पाणी धरून. भाऊ म्हणाला, "काय गं, बोलंना झालीस?" आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. पाणी गिळून बोलता आलं असतं, पण बोलायचं काय? खरं सांगितलं तर मालकांचा जीव जाईल असं मला मनापासून वाटत होतं. मी शिकलेली होते, पण भंडाऱ्यापुढं शिकलेलं काही टिकत नाही. भावानं आणलेली साडी उंबऱ्यावर ठेवली आणि तो गेला. त्या दिवशी मला विहीर आठवली, हे सांगून टाकते. उडी मारायला नव्हे, तोंड बुडवून ठेवायला. पण दोन्हींत फार अंतर उरलं नव्हतं.

मी वाळत चालले तेव्हा लोक काय म्हणतील म्हणून आत्याबाईंनी मला सांगलीला नेलं. पहिल्यांदा एका दातांच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं, काही सापडेना, म्हणून दोन चांगल्या दाढा काढल्या. आता आगीच्या जोडीला ठणकाही. महिनाभरानं मोठ्या दवाखान्यात गेलो. पन्नाशीचे डॉक्टर होते, शेजारी एक तरुण डॉक्टरीण उभी होती. डॉक्टर प्रश्न मला विचारायचे आणि उत्तर आत्याबाई द्यायच्या. कधीपासून? लय दीस झालं. झोप लागते? लागती की. घरी कोण कोण असतं? समदी हाईत. मालक? कावीळ झालीया. घरात काही काळजी? न्हाई बा, द्येवाच्या दयेनं समदं बेस.

डॉक्टरांनी जीभ कापसात धरून सगळीकडून बघितली, बोटानं दाबली. मग डॉक्टरिणीकडे वळून इंग्रजीत म्हणाले, की तोंडात काहीही नाही, आणि ही बाई काहीतरी बोलायला घाबरतेय.

ते मला कळलं! लग्नानंतरच्या चार वर्षांत इंग्रजीचं एक वाक्य कानावर पडलं नव्हतं, आणि पडलं ते हे. आणि त्याच क्षणी डोक्यात आलं, की मी भंडारा उचलला तो मराठीत. खंडोबाला कानडी येतं, मराठी येतं, धनगरी येतं. पण त्याच्या जागरणात इंग्रजी पद मी आजवर ऐकलं नव्हतं. याला कुणी पळवाट म्हणेल. कोंडलेल्या माणसाला वाट हवी असते, ती पळवाट आहे का राजरस्ता हे तो बघत बसत नाही.

अडचण एकच होती. फौजेतल्या माणसाच्या घरात बरीच इंग्रजी येऊन पडलेली असते. मिलिटरी, ड्यूटी, बोर्ड, पेन्शन, मेंटल, एवढंच काय, आजाऱ्याला सिक म्हणतात हेसुद्धा आत्याबाईंना पाठ होतं. यातला एक शब्द निघाला असता तर त्यांनी मला तिथंच फरफटत नेलं असतं. मी शब्द निवडत, मान खाली घालून, जीभ दुखतेय असा चेहरा करून म्हणाले, "माय हजबंड... हिज माइंड इज नॉट वेल."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. हळूच विचारलं, "सिन्स?"

"वन इयर. आय प्रॉमिस टू गॉड. नॉट टू स्पीक."

"बट यू आर स्पीकिंग."

"गॉड डझ नॉट नो इंग्लिश," मी म्हणाले.

डॉक्टरिणीनं तोंडावर रुमाल धरला. आत्याबाई इतका वेळ कान देऊन बसल्या होत्या, त्या पुढं सरकल्या. "व्हय डॉक्टर, गोड खाल्लं तरी आग हुतीया तिची. गोड दिऊन बघितलं आमी."

मला हसू आलं आणि रडूही. डॉक्टरांनी मात्र तोंड गंभीर ठेवलं. कागदावर औषध लिहिलं आणि आत्याबाईंना म्हणाले, "आजी, हे दुखणं नवराबायको दोघांना तपासल्याशिवाय जात नाही. पुढच्या वेळी मुलाला घेऊन या."

"आवं, त्याला कावीळ..."

"कावीळ असली तरी चालेल. नाही आणलं तर सुनेचं तोंड आयुष्यभर असंच राहील."

परतीच्या गाडीत मी दर मैलाला जीभ दातांना लावून बघत होते, जागेवर आहे का. खरी भीती दुसरी होती. घरात पाय टाकला तो थेट मागच्या खोलीत. मालक भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला, श्वास चालू होता.

पुढच्या खेपेला मालक आले. का तयार झाले ते सांगता येत नाही, मी एवढंच म्हटलं होतं, "माजं तोंड बरं व्हायला तुमी पायजे." आत्याबाईंना आणि त्यांना पलीकडच्या खोलीत दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी डॉक्टरांपुढं एकटी होते. मी विचारलं, "डॉक्टर, मग माझं तोंड खोटंच पोळतंय का? सगळे म्हणतात तसं?"

"आग खरी आहे," ते म्हणाले. "जखम नसली म्हणजे आग नसते असं नाही. पुष्कळदा मन आजारी असतं आणि तोंड पोळतं. कधी तोंड पोळून पोळून मन आजारी पडतं. आधी काय झालं, ते दर वेळी आम्हालाही सांगता येत नाही. तुमच्यावर दोन्हींचं औषध करू."

आग खरी आहे, हे मला सांगणारा तो पहिला माणूस. त्यांच्यापुढं मी पदर डोळ्यांना लावून रडले, मराठीत.

गोळ्या सुरू झाल्या, माझ्या आणि मालकांच्याही. मालकांचं दुखणं डॉक्टरांनी तपासून आपणच ओळखलं, असं आत्याबाईंनी धरलं. महिन्यातून एकदा सांगलीला जायचं आणि आत्याबाई मालकांबरोबर पलीकडं असताना डॉक्टरांशी बोलायचं. मालकांना पूर्वीचं हसू काही परत आलं नाही, पण हाका थांबल्या. एक दिवस त्यांनी माझ्या आधी घास घेतला. माझं तोंड एकदम बरं झालं नाही. आधी टाळू निवली, मग ओठ, मग कधीतरी अख्खी दुपार गेली आणि तोंडाची आठवणच झाली नाही.

आत्याबाईंचं लक्ष होतंच. एका सकाळी मी चटणी लावून भाकरी खाताना त्या समोर येऊन बसल्या. त्यांनी माझं तोंड निरखलं. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्यां तुज्यावर आळ घेतला, पोरी," त्या म्हणाल्या. "जीभ शाबूत हाय तुजी. बोलली असतीस तर झडली असती. द्येवानंच साक्ष दिली."

मी बोलले म्हणून बरी झाले होते, आणि बरी झाले म्हणून मी बोलले नाही असं ठरलं होतं. खरं सांगावं तर ही म्हातारी कोसळणार. सहा महिने मला वाळत टाकणाऱ्या त्या बाईचा मला राग होता, तो मी जपूनही ठेवला होता, आणि तिनं असं रडून तो निकामी केला. त्या उठल्या, देव्हाऱ्यातला भंडारा आणून माझ्या कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "आता म्हायाराला जा. चार दीस ऱ्हा. कुणी संगट नगं. माजा तुज्यावर इस्वास हाय."

मी एकटी गेले. रहिमतपूरला आईनं गरम पाण्यानं न्हाऊ घातलं, जेवायला वाढलं आणि समोर बसली. घरात आम्ही दोघीच. तिनं माझ्या मनगटाची हाडं चाचपली आणि म्हणाली, "आता सांग. काय झालं हुतं तिथं? जावयबापूंचं काय?"

इंग्रजीची गरज नव्हती. राखणीला कुणी नव्हतं. डॉक्टरांनी मला कितीदा सांगितलं होतं, बोलत जा. माझ्या आईसारखं ऐकणारं माणूस जगात दुसरं नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि आत्याबाईंचा रडवेला चेहरा पुढं आला.

"काय न्हाई गं आई," मी म्हणाले. "समदं बेस हाय."

आईनं ताटात आमटी वाढली. मी खाली बघून भाकरी मोडायला लागले, आणि जिभेच्या शेंड्यावर, तिळाएवढ्या जागेत, पुन्हा चुरचुरायला लागलं.